एसटीची पहिली पायरी

वाईहून साताऱ्याला जायचं असेल तर ड्रायव्हरच्या बाजूची खिडकी धरावी. सकाळी गाडी दक्षिणेकडे निघते, तेव्हा ऊन डाव्या हाताला असतं. संध्याकाळी परतताना गाडी उत्तरेकडे आणि सूर्य मावळतीला, म्हणजे ऊन पुन्हा डावीकडेच. नवखा माणूस डावी खिडकी मिळाली म्हणून आनंदाने बसतो आणि पाचवडला हायवे लागला की काचेला पिशवी नाहीतर वर्तमानपत्र लावत राहतो. 2004 साली मी साताऱ्यात नोकरीला लागले, तेव्हा रोज येणाऱ्या एका शिक्षिकेने मला हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं. नुसती खिडकी धरू नकोस, सावलीची खिडकी धर.

तेव्हापासून हा 35 किलोमीटरचा रस्ता मी रोज दोनदा करते. पाचवड, उडतारे, आनेवाडीचा टोलनाका, लिंब फाटा, वाढे फाटा आणि मग समोर अजिंक्यतारा. जायला एक तास, यायला एक तास. वर्षाचे 240 दिवस धरले तर 480 तास होतात, म्हणजे पुरते वीस दिवस आणि वीस रात्री. एकवीस वर्षांचा हिशेब केला तेव्हा मी जरा थबकले. आयुष्यातलं एक वर्ष उलटून वर काही दिवस मी बसमध्ये राहिले आहे. माझ्या घराच्या माळ्यावरच्या खोलीतसुद्धा मी इतकी राहिलेली नाही.

या दिवाळीत पुण्याहून भाचा आला होता. त्याचं म्हणणं होतं, "मावशी, गाड्यांमध्ये एसी, चार्जिंग, वायफाय द्या, बघ लोक कसे येतात." मी ताबडतोब उत्तर दिलं, "ते काही नको रे. गाडी वेळेवर येऊ दे आणि बसायला जागा मिळू दे, बास." बसने रोज जाणारा कुणीही हेच उत्तर देईल. गेली वीस वर्षं मीही हेच देत आले. त्या रात्री मात्र ते उत्तर माझं मलाच पुरेना.

त्यात खोटं काही नाही. वाहतुकीचा अभ्यास करणारे लोक प्रवाशाच्या वेळेचं मोल काढतात, त्यांच्या हिशेबात थांब्यावर वाट पाहण्यातलं एक मिनिट गाडीत बसून गेलेल्या सुमारे दोन मिनिटांइतकं जड असतं. हे वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही, शरीराला ते कधीचं माहीत होतं. फलाटावर उभं असताना माणूस नुसता उभा नसतो. वळून येणाऱ्या प्रत्येक गाडीची पाटी तो वाचत असतो. ड्रायव्हर खाली उतरून चौकशीच्या खिडकीकडे गेला, की आता परत येतो का चहाला जातो, याच्यावर त्याचा डोळा असतो. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात जाते. गाडी लागली की रुमाल कुठल्या खिडकीतून टाकायचा, हेही मनात ठरलेलं असतं. आणि एकदा बसायला मिळालं, कंडक्टरने दोनदा घंटी दिली, गाडी हलली की खांदे आपोआप खाली येतात. तो क्षण हेच मोठं सुख.

पण मग एवढ्यावरच आपण का थांबतो?

एसटीच्या बोधचिन्हावर एक वाक्य आहे, 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय'. रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे ते वाचायचं राहूनच जातं. त्यात हित आणि सुख असे दोन वेगळे शब्द आहेत. गाव तेथे एसटी हे हित झालं. 1 जून 1948 रोजी पुणे-नगर रस्त्यावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून शाळा, दवाखाना, बाजार, कोर्ट, माहेर हे सगळं या गाडीने माणसाच्या आवाक्यात आणलं. मुक्कामाची गाडी रात्री गावात थांबते म्हणून पहाटे दुधाचे कॅन आणि कॉलेजची पोरं वेळेवर पोचतात. याचं ऋण फार मोठं आहे, माझ्या घरावरही आहे. माझ्या दोन्ही आत्या एसटीच्या जोरावर सातवीच्या पुढे शिकल्या. पण सुखाचं काय? ते आपण जास्त पैसे देणाऱ्याच्या गाडीत नेऊन ठेवलं. एशियाड आली (1982 च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांवरून पडलेलं हे नाव आमच्या आधीच्या पिढीला आराम या शब्दाचा प्रतिशब्द वाटायचं), मग हिरकणी, शिवनेरी, 2017 मध्ये शिवशाही. सुखाच्या पायऱ्या वर चढत गेल्या, आणि रोज कामावर जाणारा माणूस साध्या गाडीचा पास खिशात घालून खालीच राहिला. पासाचा हिशेब तसा उदार आहे. वीस दिवसांचं भाडं भरायचं आणि तीस दिवस फिरायचं. पण जो माणूस वर्षातून दोनदा पुण्याला जातो त्याला मऊ खुर्ची, आणि जो वर्षातून पाचशे वेळा बसमध्ये चढतो त्याला बाक, ही वाटणी मला आता पटत नाही.

मुंबईचं उदाहरण मी नेहमी देते, कारण बहिणीकडे जाता-येता ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बेस्टच्या जांभळ्या एसी बस एके काळी रस्त्यावर होत्या. तिकीट साध्या गाडीच्या कितीतरी पट, म्हणून आत माणसं कमी. 2017 मध्ये त्या बंद झाल्या आणि मुंबईच्या माणसाला बसमध्ये एसी नको असतो, असं सगळे म्हणू लागले. दोन वर्षांनी, जुलै 2019 मध्ये, बेस्टने भाडी उतरवली. साध्या गाडीचं किमान तिकीट 5 रुपये आणि एसीचं 6 रुपये. एका रुपयाचा फरक! मग त्याच मुंबईत एसी बससाठी रांगा लागल्या. कपाळाचा घाम टिपत चढलेली मासळीवाली मावशी आत आल्यावर दोन क्षण डोळे मिटून उभी राहिलेली मी पाहिली आहे. मे 2025 मध्ये ती भाडी 10 आणि 12 रुपये झाली, तरी दोन्ही गाड्यांत अंतर दोनच रुपयांचं राहिलं. माणसाला गारवा नको होता असं नाही. परवडत नव्हता, म्हणून तो नको म्हणत होता. 'नको' या शब्दाचे आपल्याकडे किती अर्थ होतात! पाहुण्याच्या घरी दुसरी पोळी नको म्हणणारं मूल जेवून उठलेलं असतं असं नाही.

माझंही तसंच झालं असावं. गाडी वेळेवर येऊ दे, बास, असं म्हणताना मी माझ्या मागण्या आधीच घडी घालून ठेवत होते.

मग मला काय हवं असतं? वायफाय नको, हे अगदी मनापासून. मध्ये काही वर्षं गाड्यांमध्ये वायफायची पेटी बसवलेली असायची, तिच्यावर सिनेमे आणि गाणी फुकट. पण 2016 नंतर मोबाईलचा डेटा इतका स्वस्त झाला की ज्याचा-त्याचा सिनेमा ज्याच्या-त्याच्या हातात आला. पेटीची आठवणही कुणी काढत नाही. चार्जिंगचं वेगळं आहे. रात्री नऊला फाट्यावर उतरणाऱ्या मुलीचा फोन चालू असणं ही चैन नाही, तिच्या घरच्यांची झोप त्या फोनवर टांगलेली असते.

मला हवी असते माझ्या उंचीची दांडी. मी पाच फूट आहे. गाडीतली वरची आडवी दांडी धरायची तर हात पूर्ण ताणावा लागतो आणि पदर सावरायला दुसरा हात उरत नाही, कारण त्यात डबा आणि छत्री. म्हणून आम्ही बायका बाकाच्या कोपऱ्याला धरून उभ्या राहतो आणि बसलेल्या माणसाच्या खांद्यावर आमची कोपरं येतात. त्याला त्रास, आम्हाला संकोच. काही गाड्यांत दांडीला पट्ट्याच्या कड्या लावलेल्या असतात. त्या गाडीत चढले की ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. एका कडीला खर्च तो किती!

मागच्या बाकावर बसायची वेळ आली तर कंबरेत काय होतं, हे रोजच्या प्रवाशाला विचारावं. मागच्या चाकांच्या पलीकडे गाडीचा जो भाग लोंबतो, तो खड्ड्यावरून जाताना मधल्या भागापेक्षा जास्त उसळतो. पाट्यांच्या स्प्रिंगवर ती उसळी तशीच अंगात शिरते, हवेच्या सस्पेन्शनवर निम्मी मुरते. आमच्या गाडीतल्या एक बाई सातव्या महिन्यातही रोज येत होत्या. तेव्हा मधल्या बाकावरची खिडकी कायम त्यांची असायची. कुणी नियम केला नव्हता, पण रुमाल त्यांच्या नावाने पडायचा.

आणि पाणी. याबद्दल बायका एकमेकींत बोलतात, लिहीत मात्र नाहीत. सकाळी सातनंतर मी पाणी पीत नसे, थेट कार्यालयात पोचेपर्यंत. संध्याकाळी चारनंतर पुन्हा तेच. अशी कितीतरी वर्षं गेली. डॉक्टरांनी कारण विचारलं तेव्हा मी सांगितलं, रोज बसने जाते. त्या बाई होत्या, त्यांनी मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही. गाडीत स्वच्छतागृह असावं असं मी म्हणणार नाही, तासाभराच्या वाटेला ते शक्य नाही. पण ज्या फलाटावरून गाडी सुटते तिथलं स्वच्छतागृह हे त्या प्रवासाचंच अंग आहे. मला कुणी एसी आणि स्वच्छ, कडी लागणारं, दिवा असलेलं स्वच्छतागृह यांतून एक निवड म्हणालं, तर मी क्षणाचाही विचार करणार नाही.

गर्दीबद्दल एक सांगायला हवं. माझ्याबरोबर येणाऱ्या एका मैत्रिणीने दहा वर्षांपूर्वी स्कूटर घेतली. हायवेवर ट्रकांच्या रांगेतून, पावसात, धुक्यात ती 35 किलोमीटर जायची. सगळे तिला म्हणायचे, वेळ वाचतो म्हणून घेतली ना? ती हो म्हणायची. मला एकटीला तिने खरं सांगितलं होतं. उभ्याने येताना पाठीमागे कोण उभं आहे, याची रोज जी भीती असते, ती तिला संपवायची होती. गर्दीत वीतभर जागा असणं हीसुद्धा सुखसोय आहे, बाईसाठी तर पहिली. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं आणि गाड्या बायकांनी भरून गेल्या. बसायला जागा मिळणं आणखी अवघड झालं, हे खरं. तरी मला त्या गाड्यांत उभं राहायला आवडायला लागलं. आजूबाजूला बायकाच असायच्या, मंडईला निघालेल्या, माहेरी निघालेल्या, नुसत्याच मांढरदेवीला जाऊन आलेल्या. पाठीमागे कोण, ही भीती गेली. पन्नास टक्के सवलत देताना कुणी हे सुख मोजलं नसेल. मैत्रीण आता पुन्हा बसने येते.

एसीबद्दल माझं मन अजून दोन्हीकडे आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीनची गाडी म्हणजे तापलेला पत्रा, तिथे गारवा हवाच. पण एसी गाडीची काच उघडत नाही, आणि उघडणारी काच ही केवढी मोठी सोय आहे! गाडी लागणाऱ्या पोराला वारा त्या काचेतून मिळतो. खारे दाणे, पेरूच्या फोडी, गरम वडापाव तिच्यातूनच आत येतात. आणि निरोप? लेक सासरी निघाली की आई खाली फलाटावर उभी असते, लेक खिडकीत. हात हातात असतो. गाडी मागे घेईपर्यंत सांगायच्या गोष्टी संपत नाहीत. बंद काचेआडून नुसते ओठ हलताना दिसतात. एसी साध्या गाडीत यावा असं मला वाटतं, पण खिडकी घेऊन जाऊ नये.

2022 मध्ये, बरोबर 1 जूनला, त्याच पुणे-नगर रस्त्यावर शिवाई ही विजेवरची गाडी सुरू झाली. नगरला (आता अहिल्यानगर) मावसबहिणीकडे जाताना आईला घेऊन मी तिच्यात बसले. गारव्यापेक्षा मला जाणवली ती शांतता. इंजिनाची घरघर नाही, पायाखालचा पत्रा थरथरत नाही. आई तिच्या लहानपणीची एक गोष्ट सांगत होती, अगदी हळू आवाजात, आणि मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. वीस वर्षं मी गाडीत ओरडून बोलत होते, हे मला त्या दिवशी कळलं. उतरल्यावर डोकं दुखलं नाही. रोजचं डोकं दुखणं वयामुळे आहे असं मी समजत होते.

आईचं खरं सांगायचं होतं.

आई 79 वर्षांची आहे. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्या लोकांना एसटीचा प्रवास मोफत झाला, तेव्हा तिने त्याच आठवड्यात आधार कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घातलं आणि कंबरेच्या पिशवीत ठेवलं. शून्य रुपयांचं तिकीट ती जपून ठेवते, पर्समध्ये अशी चाळीसेक तिकिटं असतील. मला न विचारता, मुलाकडे पैसे न मागता ती बहिणीकडे मेढ्याला जाऊ लागली. म्हातारपणी माणसाला इतकं मोकळं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मग एकदा एका गाडीतून उतरताना तिचा पाय खाली टेकायच्या आधीच तोल गेला. हाड मोडलं नाही, पण गुडघा महिनाभर सुजून होता. त्यानंतर तिने जाणं बंद केलं. कारण विचारलं तर म्हणायची, आता कुठं जायचंय मला. तेच ते 'नको'.

मी त्या दिवसापासून पायऱ्या बघायला लागले. आपल्याकडच्या बसेस पिढ्यान् पिढ्या ट्रकच्या सांगाड्यावर बांधल्या गेल्या. सांगाडा चाकांच्या वर, त्याच्यावर गाडीचा तळ, म्हणजे तळ जमिनीपासून साधारण मीटरभर उंच. तेवढं चढायला आत अरुंद पायऱ्या, आणि त्यातली पहिली गुडघ्याच्या वर जाते. शहरांत आता खालच्या तळाच्या बसेस आल्या आहेत, त्यांचा तळ जमिनीपासून सुमारे 400 मिलिमीटरवर असतो. एक पाऊल उचललं की माणूस आत. पण ती गाडी आमच्या गावरस्त्यांवर, गतिरोधकांवर पोट घासेल, हे मलाही कळतं. म्हणून मी मोठं काही मागत नाही. दार उघडलं की खाली येणारी एक घडीची पायरी. दाराच्या दोन्ही बाजूंना म्हाताऱ्या मुठीत मावेल अशी दांडी. पायरीच्या कडेला पिवळा पट्टा, म्हणजे अंधारात कड दिसेल. एसटीच्या गाड्यांचे सांगाडे विकत घेऊन वरचं शरीर दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या कार्यशाळांत वर्षानुवर्षं आपल्याच कारागिरांनी बांधलं आहे. लोखंड वाकवणारे ते हात एक पायरी सहज खाली आणतील. आईचं तिकीट माफ झालं आहे. पायरी अजून पूर्ण वसूल होते.

भाच्याला मी हे सगळं नंतर फोनवर सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मावशी, आजी हल्ली मेढ्याला जात नाही, हे मला माहीतच नव्हतं."

ती पुन्हा गेली, त्याचं एवढंच सांगते. गेल्या पौषात बहीण आजारी पडली म्हणून तिला जायचंच होतं. मी रजा काढली. आमच्या घराजवळच्या थांब्यावर गाडी आली, मी आईच्या कोपराला धरलं, तिने पाय उचलला आणि पायरी बघून परत खाली ठेवला. मागे पाच-सहा माणसं. कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातलेला. ड्रायव्हर तिशीचा असेल, त्याने आरशातून पाहिलं.

"आज्जी, थांबा जरा. मागं सरा."

मला वाटलं, आता हा जाणार. त्याने गाडी सावकाश पुढे घेतली, दोन हात, चार हात. तिथे रस्त्याच्या कडेला मोरीचा जुना दगडी कठडा आहे, फूट-सव्वा फूट उंच, वरून सपाट. दार नेमकं त्याच्यासमोर आणून त्याने गाडी उभी केली.

"आता दगडावरनं या. दमानं."

आई कठड्यावर चढली, मग पायरीवर, मग आत. पुढच्या बाकावरच्या मुलाने उठून तिला जागा दिली. तिने पदर सारखा केला, पिशवीतून आधार कार्ड काढलं आणि कंडक्टर यायच्या आधीच हातात धरून बसली. ऊन डावीकडून येत होतं. मी तिला उजवीकडच्या खिडकीशी बसवून घेतलं.